नको म्हटलं की आणणारा गुंड्या

“रविवारी बघच आई! आपला गुंड्या बदक असं अलगद आणून देईल की पंच टोपी काढतील!” उल्हासने आयर्लंडमधल्या शॅनन गावात, आपल्या मागच्या अंगणात जाहीर करून टाकलं.

खरं तर उल्हास म्हणजे डास मारतानाही डोळे मिटणारा शाकाहारी माणूस! पण शेजारच्या कॉनच्या शिकारी क्लबात प्रत्येकाजवळ एक कुत्रा होता आणि त्या कुत्र्यावरून शंभर गप्पा. उल्हासला इतक्या वर्षांत फक्त ‘आज हवा ग्रँड आहे’ एवढ्याच गप्पा मारता आल्या होत्या. काळा लॅब्रॅडॉर गुंड्या क्लबाच्या फेकलेलं बदक आणून देण्याच्या परीक्षेत पास झाला, तर कॉन दोघांना शिकारीला नेणार होता. उल्हासला या गावात मित्र हवे होते, बाकी काही नाही.

तो दिवसभर कारखान्यात, म्हणून सराव साताऱ्याहून आलेल्या आईकडे, सुलेखाताईंकडे. त्या खुर्चीतून कापडी बदक फेकायच्या, गुंड्या आणून द्यायचा. पंगतीत वाढप्याला थांबवावं तसा हात आडवा करून त्या म्हणायच्या, “नको रं बाबा, पुरं!” आणि लगेच बिस्किट देऊन पुन्हा फेकायच्या. गुंड्याने त्यातून एकच धडा घेतला: नको म्हटलं की आणखी आणायचं!

रविवारी नदीकाठच्या कुरणात गुंड्या सुसाट सुटला आणि कापडी बदक उल्हासच्या हातात अलगद ठेवून मोकळा झाला. टाळ्या! उल्हासचे डोळेच भरून आले.

“पुरे रे राजा, पुरे!” तो हात आडवा करून म्हणाला.

गुंड्या पुन्हा सुटला! आधी पंचांचा हातमोजा आला.

“अरे, नको!”

मग कॉनचा सँडविचचा डबा आला.

“नको, नको, नको!”

खाली वाकलेल्या पंचांची टोपी आली.

“वरडू नगंस,” सुलेखाताई शांतपणे म्हणाल्या. “गप हो, म्हंजी त्यो बी बसंल.” उल्हास गप्प झाला आणि गुंड्या खरंच बसला. निकाल अर्थात लागलाच होता. नापास!

उल्हास मान खाली घालून निघाला, तेवढ्यात डोळे पुसत, हसत कॉन आला. “पास नाही झाला, पण तुझा गडी थकत नाही रे! शनिवारी तळ्यावर शिकारीला या दोघं.”

उल्हासला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोंड मात्र सवयीने म्हणालं, “छे छे, कशाला उगाच तुम्हाला त्रास!”

“त्रास कसला? ये की.”

“नाही हो, खरंच नको!” अजून एकदा विचार रे बाबा, तो मनात हात जोडत होता.

कॉन हसला. “माझी आईसुद्धा चहाला अशीच ‘नको, नको’ म्हणायची. शेवटचं विचारतो. येतोस?”

सुलेखाताईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण लेकाचा चेहरा कळत होता. त्यांनी त्याला सणसणीत चिमटा काढला. “व्हय म्हन की, मुडद्या!”

“हो!” उल्हास इतक्या जोरात ओरडला की पलीकडे परीक्षा देणाऱ्या एका गुणी कुत्र्याने तोंडातलं बदक दचकून खाली टाकलं.