साहेबांचा अंगठा

बायकोच्या भाचीचं लग्न होतं आणि मोजणीसाहेबांना जायचं नव्हतं. "मला कुठली रजा? माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही," असं त्यांनी सकाळी चहा पिताना जाहीर केलं. वर, बाईंच्या बॅगेत डोकावून नसतं ओझं किती घेतेस म्हणून बोललेही. बाई बॅग उचलून एकट्याच स्टेशनवर गेल्या.

साहेबांचं काम म्हणजे गाडीच्या वजनाखाली रूळ किती ताणला जातो ते मोजायचं. त्यासाठी नखाएवढी, पातळ पट्टी रुळाला चिकटवतात. रूळ ताणला की पट्टीही ताणली जाते आणि वायरीने जोडलेल्या मीटरवर आकडा हलतो. चिकटवताना पट्टीवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून ती अंगठ्याने दाबायची असते. कागद विसरू नका, असं साहेब वर्षानुवर्षं सगळ्यांना बजावत आले होते. त्या दिवशी बजावता बजावता स्वतःच विसरले.

"साहेब, गाडीची वेळ झाली," मदतनीस म्हणाला.

माहीत आहे, असं साहेब खेकसले. मग हळूच म्हणाले, "अंगठा निघत नाहीये."

मदतनीसाने ओढून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं. गोंद सोडवायचं औषध ऑफिसच्या कपाटात होतं आणि कुणी उधळपट्टी करू नये म्हणून किल्ली साहेबांच्याच खिशात होती. शेवटी तो लाल झेंडा घेऊन वळणाकडे धावला आणि गाडी थांबली. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. ड्रायव्हर उतरून आला, म्हणाला, रुळावर म्हशी पुष्कळ पाहिल्या, साहेब पहिल्यांदाच पाहतोय. साहेबांना रूळ दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

मीटरजवळ परतलेला मदतनीस चक्रावला. "साहेब, गाडी तर उभी आहे. मग आकडा का उड्या मारतोय?"

साहेबांचा हात थरथरत होता. गाडीतून उतरून, खडीवरून, बॅग सावरत, बाई येत होत्या.

त्यांनी बॅगेतून नेलपॉलिश काढायची बाटली काढली. सकाळच्या नसत्या ओझ्यात तीही होती. कापसाने पुसता पुसता अंगठा सुटला, पण पट्टी त्यालाच चिकटून आली. आजची मोजणी बुडाली.

बाईंनी उभ्या गाडीकडे, ड्रायव्हरकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच हो, तुमच्यावाचून इथलं काही हलत नाही. चला, बसा गाडीत."

साहेब बसले. संध्याकाळी लग्नात ते कामाच्या नारिंगी जॅकेटातच उभे होते आणि अंगठ्याला दोन वायरी लोंबत होत्या. हे काय म्हणून नवरीने विचारलं.

"ऑफिसचं काम आहे," बाई म्हणाल्या. "इथेही घेऊन आलेत."