हुजूरतळ्याचे मत्स्यबीज कैसे जगले त्याची हकीकत

श्री. जळी वसे त्या देवतेस नमन करोन, हुजूरतळ्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे. शके सोळाशे एकुणऐंशी, ईश्वरनाम संवत्सर, भाद्रपदमासी एका राज्यात महाराजांचे मनी आले की नदीचे मासे सरत चालले, तर तळी खोदून मासे पाळावे, आणि आठ तळी सिद्ध केली, त्यांस हुजूरतळी म्हणत, आणि त्यांचा कारभार गिरमाजीपंतांस सांगितला आणि राखणीस मालू भोई ठेविला. मग परमुलखातून उंची जातीचे मत्स्यबीज आणविले, ते इतके बारीक की डोळा आणि शेपूट एवढेच दिसे, आणि त्याचे खाद्य म्हणोन टोपीकर फिरंग्यांकडून खारट सरोवरातील किड्यांची अंडी डबे भरोन येत, ती मिठाचे पाण्यात उबवून जिते किडे बिजास घालीत. तों डबे आणणारे टोपीकरांचे तारू आले नाही आणि डबे सरले. मालूने अर्ज केला, "पंत, हे बीज हलते तेच खाते. आमचे वाडीत शेणखळीच्या पाण्यात पाणपिसवा होतात, मोहरीहून बारीक, उड्या घेत पोहतात. त्या घालू द्या, बीज जगेल." पंत बोलिले, "महाराजांचे तळ्यात शेणातला किडा? तोंड आवर." आणि पेंडीचा भुगा घालविला, तो बिजाने खाल्ला नाही, तळाशी बसून कुजला, आणि आठ दिवसांत सात तळ्यांचे बीज पांढरे होऊन वर आले. महाराज कोपले. तेव्हा पंतांनी राखणदारे विष घातले ऐसे सांगोन मालूस बेड्या घालून किल्ल्यावर रवाना केले.

मग मालूची बायको पुतळाई दरबारी येऊन पदर पसरून बोलिली, "महाराज, एक तळे उरले आहे. चाळीस दिवस द्या. बीज जगले तर माझा माणूस सोडा, त्याच्या अंगात ताप आहे." महाराजांनी वचन दिधले. आणि तिने खळ्या खणिल्या आणि पाण्यात शेण आणि कोंडा कालविला आणि पाणी हिरवे जाहले, मग वाडीतून घागरभर पाणपिसवा आणून सोडिल्या, त्या आठवड्यात अशा माजल्या की पाणी तांबूस दिसो लागले. रोज पहाटे लुगड्याच्या धडप्याने गाळून बिजास घाली, आणि बीज धावोन येई, आणि ती म्हणे, "खा रे, लवकर मोठे व्हा, धनी घरी यायचे आहेत." चाळिसावे दिवशी बीज बोटाएवढे जाहले. महाराज संतोषले आणि पुसिले, "हा हुन्नर कोणाचा?" पंत बोलिले, "स्वामींचे पुण्य, सेवकाची योजना." पंतांस पालखी जाहली. पुतळाई बोलिली, "महाराज, माझा माणूस?" तेव्हा सुटकेचे पत्र गेले आणि किल्लेदाराचे उत्तर आले की मालू भोई ज्वराने मृत्यू पावला, यास महिना होतो, तेच समयी कारभारी यांस लिहिले होते.

पुतळाईने पंतांची पालखी वाटेत अडविली आणि पुसिले, "तुम्हांस ठाऊक होते?" पंत बोलिले, "होते. सांगतो तर तू काम टाकतीस आणि बीज मरते." पुतळाई बोलिली, "टाकते." आणि तळ्यावर जाऊन त्या दिवसाचा चारा गाळून बिजास घातला, कां की मासे काय जाणती, आणि तैसीच राज्याबाहेर निघोन गेली. खळ्या कोणास राखिता आल्या नाहीत, परंतु वाढले बीज आता पेंडही खाऊ लागले होते.

एकूण वर्तमान इतुके. बीज जगले, पंत थोर जाहले, मालू भोयाचे नाव दफ्तरी विषप्रयोगी म्हणोन कायम राहिले. किल्ल्याचे पहिले पत्र पंतांस याच लेखकाने वाचून दाखविले होते. पंतांनी "कोठे बोलू नये" म्हटले, आणि लेखक बोलिला नाही.