दोन चौकटींच्या मधात

देवमनकाका पुस्तक वाचत निघाले की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडतात. काका चालत वाचतात. बसून वाचणं त्यांना जमत नाही. बसले की चप्पल हलायला लागते, आणि चप्पल हलली की माणूस उठलाच.

सिंदी रेल्वे या आमच्या गावात वाचनालय मी चालवते. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी, आणि हे सांगताना मला लाजबिज वाटत नाही. काका आमचे शेजारी. रेल्वे फाटकावर गेटमन होते, आता रिटायर. दसऱ्याच्या सुमारास ते वाचनालयात शिरले, थेट माझ्या टेबलाशी.

"ओ बी.ए. मॅडम, पोट्टेपोट्ट्या वाचतेत ते चित्रायचं पुस्तक दे मले."

"चित्रकादंबरी? तुम्हाला?"

"काऊन? मले डोळे नाई का?"

दिलं. दोन मैत्रिणी, उसनी स्कूटी आणि पळालेली कोंबडी, अशी हसतखेळत जाणारी गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी वाचावी म्हणून मी मुद्दाम मागवलेली. प्रत एकच.

दुसऱ्या दिवशी मी दात घासतेय, तर काका दारात.

"हे पाह्य. या चौकटीत पोट्टी स्कूटीवर बसली. पुढच्या चौकटीत चिखलात. मधात काय झालं?"

"पडली असेल, काका."

"पडली ते दिसून राह्यलं ना मले! मधात काय झालं?"

मग त्यांनी गावाला सोडलं नाही. दूधवाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं. न्हाव्याच्या खुर्चीत विचार करता करता ताडकन उठले आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून वाचनालयात आले. "स्कूटी उसनी होती! बिरेक पाह्यलाच नसन तिनं!" कुणी सहज म्हणालं, वर्ध्याले गेलतो, आलो, तरी काका त्याला अडवत. "मधात काय झालं?"

इकडे कॉलेजची पोरं पुस्तकासाठी माझं डोकं खात होती. शेवटी मी मागायला गेले. काका अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"दिवाळी होऊ दे, बाई. माही नात येऊन राह्यली पुण्याहून. मांगं आलती तवा फ्रॉकात होती, आता अकरावीत हाये. फोनवर 'हाय आजोबा' म्हणते, मंग तिले काई सुचत नाई अन् मले बी नाई. तिची माय, माही वंदना म्हणे, ते असलेच पुस्तकं वाचते. म्हटलं, बोलाले काई तं पायजे."

मी गुपचूप परत आले.

दिवाळीत नात आली. रिया. चिवडा द्यायचा आणि पुस्तक परत आणायचं म्हणून मी गेले, तर ती बाजेवर मोबाईल घेऊन बसलेली आणि काका काखेत पुस्तक धरून घरात-अंगणात, घरात-अंगणात. एकदाचं त्यांनी पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"सांग बरं, या दोन चौकटींच्या मधात काय झालं?"

रियानं पाहिलं. हसली. "आजोबा, ते आपण ठरवायचं असतं. मधली जागा वाचणाऱ्याची."

काका उभेच राहिले.

"मंग मी जन्मभर तेच केलं ना. फाटकावरून गाडी जाये. एका खिडकीत लेकरू रडे, दुसरीत कोनी संत्रं सोले. मधातलं मी ठरवत राहो. तुही माय लग्न होऊन गेली ते बी त्याच गाडीनं. बदली मानूस आला नाई, म्हनून मी ड्युटीवर. खिडकीत दिसली. माह्या हातात हिरवी झंडी. ते सरळ धरा लागते, हात हालवता येत नाई. मंग डबा गेला."

घरात चकल्या तळणाऱ्या वंदनाचा झारा थांबला.

रियानं मोबाईल उलटा ठेवला आणि बाजेवर सरकली. "आजोबा, मी फ्रॉकात होते आणि आता अकरावीत. विचारा ना."

काका बसले.

"मधात काय झालं, बाई?"

ती सांगायला लागली. शाळा, मैत्रिणी, मोडलेला हात. पुस्तक न्यायला आले होते, हे मी विसरूनच गेले. निघताना सवयीनं खाली पाहिलं.

चप्पल हलत नव्हती.