शांततेला फुटलेला झरा

"कोलेस्टेरॉल वाढलंय," असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रेडिओवरचे निवेदक रिपोर्ट घेऊन तडक घरी आले. त्यांची बायको परीक्षेचे पेपर तपासत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिने रिपोर्ट वाचला, पिशवी उचलली आणि तासाभरात राजमा, ओट्स आणि लाल कोबी घेऊन परत आली.

"हे खायचं. यातला चोथा आपल्याला पचत नाही."

"मग खायचा कशाला?"

"पाहुण्यांसाठी. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, त्यांचं ते जेवण. ते पोटभर जेवले की त्यातून आतड्याला बळ देणारे पदार्थ तयार होतात. आणि ओट्सचा चिकटपणा जाता जाता कोलेस्टेरॉलचं बखोट धरून त्याला बाहेर काढतो."

निवेदक बघतच राहिले. इतकी वर्षं या बाईच्या हातचं खाल्लं, पण ती इतकं सोपं करून सांगते हे त्यांना ठाऊकच नव्हतं!

"पण हळूहळू हं," तिने बजावलं. "पाहुण्यांना सवय होऊ द्या."

हळूहळू हा प्रकार निवेदकांना फक्त माइकसमोर जमायचा. बायको शाळेत गेल्यावर त्यांनी पातेलंभर राजमा कच्च्या कांद्यासकट फस्त केला. हृदयाचा मामला, तिथे चिक्कूपणा कशाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा 'निवांत' हा थेट कार्यक्रम होता. "डोळे मिटा," ते मधाळ स्वरात म्हणाले, "आणि आता फक्त शांतता ऐका."

श्रोत्यांनी कान टवकारले. शांततेतून आवाज आला, गुडगुड... खळखळ... गुडुप!

काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक खुर्चीतून उडाला. गाणं लावून तो धावत आत आला. "दादा, लाइनीत काहीतरी घुसलंय!"

"असेल बुवा," निवेदक छताकडे बघत म्हणाले. खरं सांगावं तर अब्रू जाणार होती.

ध्वनिमुद्रकाने माइक बदलला. खळखळ. एसी बंद केला. खळखळ. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो टेबलाखाली शिरला आणि वायरींना कान लावत, रांगत रांगत निवेदकांच्या खुर्चीपाशी आला. तिथे थबकला. मग सावकाश उठला आणि गुडघे झटकत म्हणाला, "वायरिंग ठणठणीत आहे. ही दुरुस्ती माझ्या हातातली नाही."

तेवढ्यात केंद्राचे साहेब दार ढकलून आले. निवेदकांनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूरही जुळवला.

"कुठला झरा लावलात हो?" साहेब हर्षाने ओरडले. "फोन थांबत नाहीयेत! एक आजोबा म्हणाले, कितीतरी दिवसांनी डोळा लागला. हा झरा रोज पाहिजे!"

इलेक्ट्रिशियनने खोकल्याचं निमित्त करून बाहेर धूम ठोकली.

झालं! निवेदक रोज राजमा ओरपू लागले आणि झरा रोज वाहू लागला. पण काही आठवड्यांनी तो क्षीण झाला आणि एका सकाळी पार आटला. निवेदकांनी पोट दाबलं, कुशीवर वाकून पाहिलं. ढिम्म! साहेबांनी भुवई चढवली. "श्रोते विचारतायत. उद्या झरा नसेल, तर कार्यक्रमही नाही."

निवेदकांनी घरी येऊन कबुली दिली. बायको आधी कपाळावर हात मारून घेत हसली, मग तिचे डोळे चमकले. "अहो, पाहुणे रुळले! आता ते गोंधळ न घालता कामं करतात. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांसमोर बसून झऱ्याचा उगम सांगितला. साहेब लाल झाले, मग गुलाबी झाले आणि शेवटी रुमालात तोंड खुपसून गदगदा हसले. डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, हे असंच माइकवर सांगाल?"

तिने सांगितलं. कांद्यातली, कोबीतली रंगद्रव्यं काय करतात, कडधान्यं हृदयाला कशी जपतात, सगळं वर्गात सांगावं तसं. काचेपलीकडे उभे राहून निवेदक ऐकत होते. आपण आयुष्यभर शब्दांना सूर लावला. ही बाई शब्दांत जीव ओतते, असं त्यांना वाटलं.

पुढच्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या. निवेदकांचा रिपोर्ट सुधारला आणि 'निवांत'ची वेळ बाईंना मिळाली. निवेदक दुपारच्या हवामानाच्या बातम्यांवर गेले.

एकदा भाजीच्या गाडीपाशी त्यांनी कोबीचा भाव विचारला, तर भाजीवाला चमकला. "आवाज ओळखीचा वाटतो. रेडिओ?"

निवेदकांनी कॉलर नीट केली. "हो, रेडिओच."

"तरीच! मग त्या 'निवांत'वाल्या बाई तुमच्या ओळखीच्या असतील?"

"पत्नी," निवेदक म्हणाले.

"भाग्यवान आहात, साहेब. त्या सांगतात ना, ताटात जितके रंग जास्त, तितकं बरं?"

"सांगतात," निवेदक म्हणाले. मग पुढे वाकून, दुनियेत दुसऱ्या कुणालाच न मिळालेला मान मिरवावा तशा थाटात त्यांनी त्याच्या कानात सांगितलं, "पण मी ते सगळ्यांच्या आधी ऐकलंय. घरी!"