भुरकोजीची पेढेतुला

एका जंगलात भुरकोजी नावाचं अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात, असं विचारू नका मुलांनो. नाव सांगितलं की तिथले लोक भांडायला येतात. आणि त्या जंगलात वाघ नव्हता. गोष्टीत वाघ आला की बाकीच्यांना बोलायला मिळत नाही, म्हणून मीच त्याला घेतला नाही.

या जंगलाची एक रीत होती. काहीही झालं की तोंड गोड करायचं. कोकिळेला कंठ फुटला, पेढे. सशाचं बीळ खणून झालं, लाडू. म्हातारा कोल्हा गेला तेव्हा तेराव्याला जिलबी होती. ती इतकी सुरेख झाली होती की दोघातिघांनी जाता जाता त्याच्या थोरल्या भावाच्या तब्येतीची चौकशी केली.

पंगतीचेही नियम होते. कुणी ‘नको’ म्हटलं की दोन वाढायचे. ‘खरंच नको’ म्हटलं की चार. पानावर हात आडवा धरला तर हातावर वाढायचं. याला आग्रह म्हणत. आग्रह न करणाऱ्याला जंगलात कुणी मुलगी देत नसे.

अशा जंगलात सगळेच गोड खायचे. पण भुरकोजीचं दुखणं वेगळं होतं. बाकीचे चारचौघांत खायचे, हा एकटा खायचा. दुपारी जंगल जेवून आडवं झालं की हा गुहेच्या दाराकडे पाठ करून बसायचा आणि डबा उघडायचा. “एकच,” असं म्हणायचा. मग त्या एकाला सोबत म्हणून दुसरा. मग डब्याचा तळ दिसायचा. तळ चाटून झाला की त्याला स्वतःची इतकी लाज वाटायची की तो तोंडावर पंजे घेऊन पडून राही. पोट दुखायचं, त्याहून मन जास्त दुखायचं. आणि मन दुखलं की त्याला काहीतरी गोड खावंसं वाटायचं.

हसू नका. तुमच्या घरी फराळाचे डबे माळ्यावर का ठेवतात, ते मला ठाऊक आहे.

भुरकोजीची बायको तानूबाई. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण ठरलं. फुलांची वाडी भरून तिला पाटावर बसवलं. चाळीस पाहुण्या जमल्या. तिला डोहाळा एकच होता, बेसनाच्या लाडवाचा. लाडवांच्या पाच टोपल्या आत झाकून ठेवल्या होत्या. जाऊबाई आत गेली आणि तशीच बाहेर आली. पाचही टोपल्या रिकाम्या होत्या. टोपल्यांच्या मागे भुरकोजी बसला होता आणि त्याच्या मिशांना बेसन लागलं होतं.

“मी फक्त चव बघत होतो,” तो म्हणाला.

तानूबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने केसातली फुलं काढली आणि माहेरची वाट धरली. नदीपर्यंत तो मागे मागे गेला.

“अहो, बाळंतपणाला मी माहेरी जाणारच होते,” ती म्हणाली. “पण परत यायचं की नाही, ते तुमच्यावर आहे. चारचौघांत एक खा आणि हात धुवा. एवढं जमलं की निरोप पाठवा.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर पोराला बाप कसा दिसतो ते मी तोंडी सांगेन.”

भुरकोजी हादरला. तो थेट वेटोळेमहाराजांकडे गेला. हे महाराज म्हणजे अजगर. मिताहारावर त्यांची प्रवचनं होत आणि ऐकायला दूरदूरहून मंडळी येत. आली त्यापेक्षा एखादं कमी परत जाई, पण तेवढं कोण मोजतं?

“वत्सा,” महाराज म्हणाले, “मी महिन्यातून एकदाच जेवतो.” भक्तांनी माना डोलावल्या. महाराजांच्या मधल्या भागाला मोठा फुगवटा आला होता. “तू गोड समूळ सोड. समोर आलं तर डोळे मीट.”

भुरकोजीने गोड समूळ सोडलं. एक दिवस, दोन दिवस, सात दिवस. स्वप्नात लाडू यायचे, तो स्वप्नातही डोळे मिटायचा. ही बातमी जंगलात पसरली. एवढी मोठी गोष्ट झाली, मग जंगल स्वस्थ कसं बसेल? आठव्या दिवशी सगळे बासुंदीची कढई घेऊन दारात हजर.

“सात दिवस गोड खाल्लं नाहीत म्हणे!” हुप्पेराव वानर म्हणाले. हे जंगलातल्या सगळ्या समित्यांचे अध्यक्ष. “कौतुक आहे! तोंड गोड करा.”

भुरकोजीने डोळे मिटले. पण नाक कसं मिटणार? त्या दिवशी तो मागच्या सात दिवसांची बासुंदी प्यायला आणि पुढच्या सात दिवसांचीही.

मग कावळा निरोप घेऊन आला. मुलगी झाली. नाक बापाचं आहे. बाकी सगळं ठीक.

भुरकोजी रडला, नाचला आणि पेढे आणायला चिमाबाईच्या दुकानात धावला. चिमाबाई मुंगळीण. साऱ्या जंगलाची मिठाई तिच्याकडून जायची. तिने शंभर पेढे बांधून दिले. भुरकोजी दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, एक खाऊन मग वाटायला निघू. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. शेवटी पुड्यात काही उरलं नाही. स्वतःच्या मुलीच्या जन्माचे पेढे बापाने पायरीवर बसून संपवले होते.

चिमाबाई दारात उभी होती. ती रागावली नाही. तिने विचारलं, “कसे झालेत?”

“उत्तम,” भुरकोजी म्हणाला.

“आज वेलदोडा नव्हता, जायफळ घातलं होतं. कळलं?”

भुरकोजीने आठवून बघितलं. पहिला पेढा आठवेना. शंभरावा आठवेना. जिभेवर काहीच नव्हतं.

“बारा वर्षं माझ्याकडचं खाताय, भाऊ,” चिमाबाई म्हणाली. “तुमच्याइतकं कुणी खाल्लं नसेल. आणि तुमच्याइतकं उपाशी गिऱ्हाईक मी बघितलं नाही. उद्या या. एक देईन. इथेच, माझ्यासमोर बसून खायचा आणि आत काय काय आहे ते सांगायचं. बरोबर सांगितलंत तर दुसरा.”

दुसऱ्या दिवशी भुरकोजी गेला. लाडू तोंडात टाकणार तेवढ्यात चिमाबाई खेकसली, “चावा!” त्याने चावला. बेसन होतं. तूप होतं. एक बेदाणा दाताखाली आला, त्याची त्याला गंमत वाटली. कडेचं बेसन जरासं जास्त भाजलं होतं. भुरकोजीला वाटलं, अरे, लाडू लागतो असा! तो एक लाडू संपेपर्यंत पायरीवरची सावली उंबऱ्यापर्यंत गेली.

त्या दिवशी तो चारावर थांबला. दुसऱ्या दिवशी तीनवर. तिसऱ्या दिवशी अकरा खाल्ले, हेही सांगून टाकतो. बोधकथेत असं सांगत नाहीत, पण मला खोटं बोलायची सवय नाही. चौथ्या दिवशी तो मान खाली घालून आला. चिमाबाईने अकराचं नावही काढलं नाही, फक्त एक लाडू पुढे ठेवला. असं तीन महिने चाललं. तीन महिन्यांनी तो रोज एक लाडू खाऊन, हात धुऊन घरी जाऊ लागला. कधीमधी दोन. डबा झाकणासकट फळीवर राहू लागला.

आता खरं म्हणजे जंगलाने आनंदी व्हावं. झालंही. पण पुढच्या पंगतीत एक अडचण आली. हरणीने नेहमीप्रमाणे नववा गुलाबजाम उचलला आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, “मी कुठे खाते? भुरकोजींकडे बघा!”

सगळ्यांनी भुरकोजीकडे बघितलं. त्याच्या पानात एक गुलाबजाम होता, तोही अर्धा. मग सगळ्यांनी हरणीच्या पानाकडे बघितलं. मग रानडुकराच्या. मग एकमेकांच्या. त्या दिवशी कुणाला जेवण गोड लागलं नाही.

“हे बरोबर नाही,” हुप्पेराव म्हणाले. “याचा सत्कार केला पाहिजे.”

समिती बसली. संयमाबद्दल भुरकोजीची पेढेतुला करायची ठरली. म्हणजे एका पारड्यात भुरकोजी, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतके पेढे. भुरकोजीने तानूबाईला निरोप पाठवला, ‘सत्कार चारचौघांत आहे. या.’

वडाच्या फांदीला दोन मोठ्या टोपल्या टांगल्या. त्रेसष्ट प्राणी जमले. सगळ्यांच्या मागे मुलीला कडेवर घेऊन तानूबाई उभी राहिली.

भुरकोजी पारड्यात बसला. दुसऱ्या पारड्यात पेढे पडू लागले आणि बघता बघता पारडी समान झाली.

“एवढेच?” हरणी म्हणाली.

“हाच सत्कार गेल्या वर्षी केला असता तर दुप्पट पेढे झाले असते,” रानडुक्कर हळहळलं. “तेव्हा कुणाला सुचलं नाही.”

हुप्पेराव भुरकोजीच्या कानाशी आले. “मांडीवर एवढा धोंडा घ्या ना. दिसायचा नाही.”

“मग सत्कार धोंड्याचा होईल,” भुरकोजी म्हणाला.

अध्यक्षांना ते आवडलं नाही. त्यांनी भाषण केलं. भाषणात संयम हा शब्द अठ्ठावीस वेळा आला आणि तेवढ्या वेळात त्यांनी पारड्यातले सहा पेढे खाल्ले. शेवटी ते म्हणाले, “आता रितीप्रमाणे सत्कारमूर्ती प्रत्येकाच्या हातचा एक पेढा खातील!”

त्रेसष्ट जण रांगेत उभे राहिले. पहिली चिमाबाई होती. तिने पेढा दिला. भुरकोजीने तो सावकाश खाल्ला. इतका सावकाश, की खारीला जांभई आली.

“केशर आहे,” तो म्हणाला. “आणि दूध थोडं लागलंय.”

“लागलंय खरं,” चिमाबाई पुटपुटली. “पण चारचौघांत सांगायचं नसतं, भाऊ.”

मागून हुप्पेराव पेढा घेऊन आले. “माझ्या हातचा!”

“पुरे,” भुरकोजी म्हणाला.

“नको म्हणालात ना?” हुप्पेरावांचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच दोन उचलले.

“नाही. पुरे म्हणालो.”

हा शब्द त्या जंगलात कुणी ऐकला नव्हता. यावर किती वाढायचे, हे नियमात नव्हतं. रांगेत कुजबुज सुरू झाली. हरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. “चिमाबाईच्या हातचा चालतो आणि माझ्या हातचा नाही?” रानडुक्कर म्हणालं, “एकाने काय होतंय?” आणि एकाने काय होतं हे त्या सबंध जंगलात एका भुरकोजीलाच नीट माहीत होतं.

मुलांनो, त्या वेळी त्याला पेढा हवा होता. फार हवा होता. तीन महिन्यांत इच्छा मरत नाही, नुसती बसायला शिकते. समोर बासष्ट पेढे उभे होते आणि त्यांच्या पलीकडे तानूबाई.

“पाणी आणा,” भुरकोजी म्हणाला.

कुणी हललं नाही. तेव्हा तो स्वतः पारड्यातून उतरला. वडाखाली रांजण होता, त्यात त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि खसाखसा धुतले. वळून बघतो तर तानूबाई शेजारी. तिने मुलीला त्याच्या हातांत दिलं.

“ओले आहेत हात,” ती म्हणाली. “सर्दी होईल तिला.” पण तिने मुलीला परत घेतलं नाही.

तिघं घरी गेली. इकडे पारडंभर पेढे उरले. अन्न वाया घालवणं पाप, म्हणून बासष्ट जणांनी ते संध्याकाळपर्यंत संपवले. मग तीन दिवस जंगलात कण्हण्याशिवाय आवाज नव्हता. चौथ्या दिवशी समिती आडव्या आडव्याच भरली. ठराव एकमताने झाला की या आजाराला भुरकोजी जबाबदार आहे. त्याने आपल्या वाट्याचे बासष्ट खाल्ले असते, तर ते आपल्या पोटात गेले नसते.

“तो आता सुधारायचा नाही,” हुप्पेराव कण्हत म्हणाले. “पण त्याला मुलगी आहे. नाक बापाचं आहे म्हणतात.”

हे सगळ्यांना पटलं. दुसऱ्याच दिवशी भुरकोजीच्या दारात एकवीस लाडवांची टोपली आली. वर फुलं घातली होती. ‘आपल्या लाडक्या लेकीला, सर्वांकडून.’

भुरकोजीने टोपलीकडे बघितलं आणि मग तानूबाईकडे. तानूबाईने टोपलीतून दोन लाडू काढले. एक त्याला दिला, एक स्वतः घेतला. मुलीला अजून दात नव्हते. उरलेल्या एकोणीस लाडवांवर फुलं नीट रचून तिने टोपली परत पाठवली. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, अशीही त्या जंगलात रीत होती.

“बघा, किती माजलेत!” जंगल म्हणालं आणि एकोणीस लाडू वाटून घेतले.

तात्पर्य : ‘गोड बेताने खावं’ असं तुम्ही वहीत लिहायला घेतलं असेल. खोडा ते. संयम शिकायचा तर खुशाल शिका, पण शेजाऱ्यांना कळू देऊ नका. पंगतीत एक खादाड असला की बाकी सगळे मिताहारी ठरतात. ती जागा रिकामी झालेली कुणालाच परवडत नाही. म्हणून आधी ते तुम्हाला परत बोलावतात आणि तुम्ही नाही आलात, तर तुमच्या मुलांना पान वाढतात.