शासनमान्य आजोबा

एका मंगळवारी, कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, निरीक्षकांना एकदम सहा नातवंडं झाली. सगळी सुखरूप. बाळंतीण कोणीच नव्हती. नातवंडं स्वतःच्या पायांनी चालत आली होती आणि त्यांतल्या दोघांनी येताना जिन्यात मारामारीही उरकली होती.

पण हे अजून घडलंच नाही, असं आपण धरून चालू. निरीक्षकही बरेच दिवस तसंच धरून चालले होते.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर लोक देव्हारा करतात, बाग करतात. यांनी ओट्यावर तराजू ठेवला. कोणाचं गुंजभर घ्यायचं नाही आणि कोणाला गुंजभर द्यायचं नाही, या तत्त्वावर ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत.

त्यांच्या समोरच्या घरात बाहेरून आलेलं एक कुटुंब होतं. बाहेरून म्हणजे इतक्या बाहेरून, की दारावरचं त्यांचं नाव वाचताना निरीक्षकांना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. बाप बेकरीत भट्टीवर रात्रपाळी करायचा, आई घर सांभाळायची. मुलं सहा. निरीक्षकांच्या मते ती आठ होती, कारण ती एका जागी थांबत नसत आणि काही दोनदा मोजली जात.

एकेकाळी ही सगळी इमारत 'आपल्या' माणसांची होती. आता आपली म्हणावी अशी उरली होती थोडी, आणि तीही आटत चाललेली. तळमजल्यावरच्या शिंप्याला एक कुत्रा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या नवरा-बायकोला कुंड्या होत्या. निरीक्षकांचा एकुलता एक मुलगा दूरदेशी होता आणि त्याने व सुनेने पूर्ण विचारांती एक मांजर पाळली होती. दर रविवारी तिचा फोटो यायचा. निरीक्षक तो बघून "अंगाने भरलीय" असं कळवायचे.

"आपण लोक एकावर थांबलो," ते शिंप्याच्या दुकानात बसून म्हणायचे, "आणि हे थांबायचं नावच घेत नाहीत. वर सरकार यांना भाड्यात सवलत देतं. कोणाच्या पैशातून? माझ्या! जावं की यांनी दुसरीकडे कुठेतरी."

"अगदी बरोबर बोललात," शिंपी तोंडातल्या टाचण्या सावरत म्हणायचा. त्याच्या मशिनखाली तेव्हा त्याच घरातल्या मधल्या मुलाची विजार जुळ्यांपैकी एकासाठी आखूड होत असायची. एक विजार त्या घरात चार जन्म घ्यायची आणि प्रत्येक जन्माची शिलाई शिंप्याला मिळायची. पण तत्त्वाचा प्रश्न आला की तो निरीक्षकांच्या बाजूचा.

त्या कुटुंबाची बाबागाडी जिन्याच्या वळणावर उभी असे. ती तिथे ठेवणं किती धोक्याचं आहे, हे एकदा निरीक्षकांनी शिंप्याला प्रात्यक्षिकासह दाखवलं. प्रात्यक्षिक अपेक्षेपेक्षा चांगलं झालं. मुद्दा सिद्ध झाला आणि उजवा हात मोडला.

हाताला प्लास्टर लागलं. एका हाताने स्वयंपाक जमेना. निरीक्षकांनी डाव्या हाताने कल्याण कार्यालयाला अर्ज केला, की मी एकटा आहे, मला घरकामाला मदतनीस द्यावा.

"म्हणजे तुम्हीपण सरकारी मदत घेणार?" शिंप्याने विचारलं.

"मदत ते घेतात," निरीक्षक म्हणाले. "मी हक्क घेतोय."

कार्यालयाचं उत्तर आलं: अधिकारी लवकरच भेट देतील. 'लवकरच' हा शब्द ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना कळतो. निरीक्षकांना कळला आणि त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. समोरची बाई झाकलेलं पातेलं घेऊन उभी होती आणि शेजारी तिची थोरली मुलगी. घरात नीट मराठी येणारी तेवढी एकटीच.

"आई म्हणते, गाडी आमची, हात तुमचा," थोरली म्हणाली. "म्हणून जेवण आमचं."

"मी कोणाचं फुकट खात नाही. सांग तिला."

थोरलीने सांगितलं. त्यावर आई बराच वेळ बोलली. हातवारे करून बोलली, एकदा आकाशाकडे बघून बोलली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गार होतंय."

शेवटी तोडगा निघाला. तांदूळ, बटाटे, तेल सगळं निरीक्षक मोजून देतील. समोरच्यांनी फक्त शिजवायचं. शिजवताना त्यात सहानुभूती घालायची नाही. निरीक्षकांनी डाव्या हाताने तांदूळ तोलून दिले. संध्याकाळी भात आला. निरीक्षकांनी तो तोलला आणि ताडकन समोरचं दार वाजवलं.

"ही फसवणूक आहे!"

"काय झालं, काका?" थोरलीने विचारलं.

"दिले त्याच्या जवळजवळ तिप्पट भरतोय! तुम्ही मला जास्त दिलंय."

"त्यात पाणी असतं, काका."

"पाणी कोणाच्या नळाचं? तुमच्याच ना!"

थोरलीने हे आईला सांगितलं. आईने निरीक्षकांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तर अशा रीतीने निरीक्षक पाण्याचे देणेकरी झाले. देणं फेडायचं म्हणून त्यांनी मुलांचा अभ्यास घ्यायचं ठरवलं. शाळा सुटली की सहाही जण त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी थोरली सोडून बाकीची गप्प बसली, कारण त्यांना काही कळत नव्हतं. आठवड्याने ती बोलायला लागली आणि थांबेनात. भाषा शिकायला समोर माणूस एकच, त्यामुळे सगळी त्याच्यासारखीच बोलायला लागली. जुळे एकमेकांना म्हणत, "अहो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा." मधला दप्तर आपटून म्हणे, "हल्ली कोणाला शिस्त म्हणून राहिली नाही." आणि सगळ्यात धाकटी, जी आजवर कोणत्याच भाषेत बोलत नव्हती, ती गाजर बघून आयुष्यातलं पहिलं अखंड वाक्य बोलली: "हे मी खपवून घेणार नाही."

इतकी अस्सल मराठी त्या इमारतीत कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं. शिंप्याच्या कुत्र्यानेही नाही.

पण अभ्यास रोज ठरल्यापेक्षा जास्त व्हायचा. मग समोरच्या बाईंना संकोच वाटायचा आणि संध्याकाळी सूप यायचं. सूप तर जवळजवळ सगळं पाणीच! मग निरीक्षकांना संकोच वाटायचा आणि ते मुलांना बागेत न्यायचे. ताटल्या इकडून तिकडे नेताना सांडतात, म्हणून ते तिकडेच जेवायला लागले. दर आठवड्याला हिशेब फिटायचा आणि दर आठवड्याला नव्याने बिघडायचा. मध्येच कधीतरी धाकटी त्यांना 'आजोबा' म्हणायला लागली. या शब्दाचा भाव काय, हे तिला माहीत नव्हतं. निरीक्षकांनी तो तिला सांगितलाही नाही.

प्लास्टर निघालं. हात बरा झाला. तरी निरीक्षक तीन आठवडे गळ्यात झोळी बांधून हिंडत होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुकानदारांचे खोटे काटे पकडले, त्याने स्वतःचा काटा असा बिनदिक्कत मारला, आणि पकडायला कोणी आलं नाही.

नंतर आलं.

कल्याण कार्यालयाच्या अधिकारीबाई शांत होत्या. त्यांची कामाची एक पद्धत होती. त्या माणसांना फारसं विचारत नसत, सरळ स्वयंपाकघरात जात. त्यांनी निरीक्षकांच्या शेगडीखाली डोकावून बघितलं. तिथे एका कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं.

"जेवता कुठे?"

"समोर. पण फुकट नाही!" निरीक्षक छाती काढून म्हणाले. "तांदूळ माझे, बटाटे माझे, तेल निम्मं माझं. मी मुलांचं बघतो, ते माझं बघतात. कोणाचं कोणावर काही नाही."

"म्हणजे सामान एकत्र, चूल एक, पंगत एक, मुलं सगळ्यांची."

"अगदी बरोबर!"

"आमच्या नियमात याला कुटुंब म्हणतात," अधिकारीबाई म्हणाल्या. "कुटुंब असलेल्याला मदतनीस मिळत नाही. आणि तुमचं पेन्शन आता त्यांच्या उत्पन्नात धरावं लागेल. त्यांच्या भाड्याच्या सवलतीचा फेरविचार होईल. मंगळवारी सगळे या."

त्या गेल्यावर थोरलीने घरात सगळं सांगितलं. मग निरीक्षकांना म्हणाली, "सवलत गेली तर आम्ही जाणार, काका. बाबांच्या भावाकडे. तो लांब राहतो, दुसऱ्या गावात. त्याच्याकडे एक खोली आहे."

निरीक्षक ही मागणी शिंप्याच्या दुकानात कितीतरी दिवस करत होते. आता ती मान्य व्हायच्या बेतात होती. त्या संध्याकाळी त्यांनी सूप तोललंही नाही.

मंगळवारी सगळी वरात कचेरीत पोचली. बाप भट्टीवरून थेट आला होता आणि पापण्यांवर पिठासह उभ्या उभ्या झोपत होता. निरीक्षक पुढे झाले.

"बाई, गैरसमज झालाय. मी यांचा कोणी नाही. ही मुलं मी नीटशी ओळखतसुद्धा नाही."

"बरं," अधिकारीबाई म्हणाल्या. "ही चष्मेवाली कितवीत आहे?"

"तिसरीत. आणि तिचा नंबर वाढलाय. सांगत नाही ती, गुपचूप पुढच्या बाकावर जाऊन बसते. शाळेतल्या बाईंनी लक्ष द्यायला नको? चाळीस पोरं कोंबतात एका वर्गात!"

"धाकटी काय खात नाही?"

"गाजर. पण किसून भातात लपवलं की खाते."

धाकटीने हे प्रथमच ऐकलं. ती सावकाश त्यांच्याकडे वळली. "आजोबा," ती म्हणाली, "जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने वर बघितलं. "वा! थेट आजोबांवर गेलीय."

"हात कधी बरा झाला?" अधिकारीबाईंनी विचारलं.

निरीक्षकांनी झोळीतला हात चुळबुळत आत ओढला. "बरा... म्हणजे डॉक्टर म्हणतात बरा. मला तसं वाटत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, परकं व्हायचं असेल तर सोपं आहे. शेगडी पेटवा, तुमचं तुम्ही शिजवा. त्यांच्या घरी जेवायचं नाही, मुलं तुमच्याकडे येणार नाहीत. वर्षभर तसं राहिलात की मी लिहून देते, परके म्हणून."

निरीक्षकांनी झोळीची गाठ चाचपली.

"आजच पेटवतो," निरीक्षक म्हणाले. त्यांनी झोळी सोडली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "हात चांगला आहे माझा. मी परका. लिहा तुम्ही. यांची सवलत तेवढी काढू नका."

थोरलीने खालच्या आवाजात आईबापांना हे सांगितलं. बापाने डोळे उघडले. त्याला येत होते तेवढे मराठी शब्द गोळा करून तो म्हणाला, "नको, काका. नको."

"काय नको?" अधिकारीबाई म्हणाल्या. "मी अजून भागाकार केलाच नाही. उत्पन्न घरातल्या माणसांवर वाटतात. भट्टीचा पगार अधिक यांचं पेन्शन, भागिले नऊ." त्यांनी यंत्रावर बोटं आपटली, मग पुन्हा आपटली. "मर्यादेच्या आतच. सवलत कायम. उलट ती माणशी असते, त्यामुळे एक माणूस वाढलं म्हणून थोडी वाढेल. अभिनंदन आजोबा, आता तुम्हीसुद्धा गरजू."

"मी?" निरीक्षक उसळले. "मी जन्मभर कर भरलाय!"

"माहितीय. तोच तर परत देतोय."

निरीक्षकांना आभार मानायचा सराव नव्हता. त्यामुळे एकदा सुरुवात झाल्यावर ते आवरेनात. त्यांनी अधिकारीबाईंचे आभार मानले, कारकुनाचे मानले, दार उघडून धरणाऱ्या शिपायाचे मानले. बापाचे मानले, तो झोपेत "हो" म्हणाला. मग ते समोरच्या बाईंकडे वळले, इतक्या आठवड्यांचे आभार एकदम मानायला, आणि नेमके तिथे शब्द संपले. बाई बराच वेळ काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाली?" निरीक्षकांनी नाक पुसत विचारलं.

"तेच," थोरली म्हणाली. "गार होतंय."

जुळ्यांनी पुढे पळत येऊन बातमी फोडली होती; इमारतीत खाली शिंपी वाटच बघत होता. "मग? मोठं कुटुंब, बाहेरची माणसं आणि सरकारी मदत. आता कसं वाटतंय?"

"चांगलं वाटतंय," निरीक्षक म्हणाले. "तू तेवढी मधल्याची विजार दे. आणि शिलाई कमी लाव जरा. आम्ही गरीब माणसं."

त्याच आठवड्यात कल्याण कार्यालयाकडे एक अर्ज आला. अक्षर उजव्या हाताचं होतं, ठसठशीत:

'अर्जदाराच्या कुटुंबात आजोबा हे पद भरलेलं असून आजी हे पद रिक्त आहे. सदर पदासाठी अर्जदाराची दिवंगत पत्नी सर्वार्थाने पात्र होती. तिची तयारी मुलाच्या लग्नापासूनच होती, परंतु तिच्या हयातीत जागा निघाली नाही. आता एकदम सहा जागांचं काम निघालेलं आहे. तरी तिची या पदावर पूर्वलक्षी प्रभावाने नेमणूक करण्यात यावी, आणि ती प्रत्यक्ष रुजू होऊ शकत नसल्याने हजेरीची अट शिथिल करावी, ही विनंती.'