हे वडाप नाही

"रविवारी नेसरीला बारसं हाय. तेवढं सामान तुमच्या जीपमधनं नीट पोचलं तर जीप राहील. एक वाटी जरी वाटंत पडली, तर तिथल्या तिथं राजूनं बघून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला ती देऊन टाकायची आणि येताना एस्टीनं यायचं." प्रियदर्शनीनं तव्यावरची चपाती उलथली आणि विषय संपवला.

विश्वजितची मान आपोआप खिडकीकडं वळली. अंगणात ती उभी होती. जुनी, खडखडणारी, पण चारी चाकांना ओढ असलेली जीप. दर रविवारी मित्रांबरोबर डोंगरात जायचं, तिला चिखलात रुतवायचं, दुपारभर खपून बाहेर काढायचं आणि संध्याकाळी धुवायचं, एवढाच तिचा उपयोग. घेतल्यापासून तिनं घरात एक नारळसुद्धा आणला नव्हता. मागं बसायची बाकं होती, पण त्यांवर दोरखंड, फावडं, जॅक आणि जादाचं चाक असा सगळा संसार मांडलेला. मागं बसणाऱ्याला फावडं मांडीवर घ्यावं लागे. विमा कंपनीतल्या कारकुनाला हे खूळ कुठून लागलं, हे घरात कुणालाच कळलेलं नव्हतं. पण ते लागलं होतं खरं.

बारसं होतं प्रियदर्शनीच्या धाकट्या भावाच्या, राजवर्धनच्या म्हणजे राजूच्या मुलीचं. आत्या म्हणून पाळणा न्यायचा मान तिचा. सागवानी पाळणा, भांडी, आहेराच्या पिशव्या, शिवाय विश्वजितची आई आक्का आणि आक्काची बोचकी. आक्का दोन दिवसांसाठी निघाली तरी बिऱ्हाड हलवल्यासारखी निघते.

"सगळं टपावर नेतो," विश्वजित म्हणाला. "रूफ रॅक करतो. घरी. माझ्या हातानं."

"करा," प्रियदर्शनी म्हणाली. 'त्यांना काय खायचंय ते खाऊ द्या' असं डॉक्टर ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

उद्यमनगरात गैबीचं ग्रिल आणि गेट बनवायचं दुकान होतं. गैबी म्हणजे विश्वजितचा शाळेपासूनचा दोस्त. विश्वजित तिथं गेला आणि म्हणाला, "वेल्डिंगचं मशिन दे. हात लावायचा नाही. मी बघितलंय सगळं मोबाइलवर. ऑस्ट्रेलियात लोक घरीच करतात."

"देतो की. पर करालाईस काय?"

"रूफ रॅक."

"म्हंजे कॅरियर."

"कॅरियर नव्हे रे. कॅरियर वडापला असतो."

"मंग वडापला जे असतंय तेच तू करालाईस न्हवं?"

आता वडाप म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. वाटेत जो हात करील त्याला ओढून आत कोंबणारी आणि आतली जागा संपली की बाहेर लटकवणारी जीप, तिला वडाप म्हणतात. आपल्या जीपला कुणी वडाप म्हणावं, हे विश्वजितला आईवरून शिवी दिल्यासारखं लागायचं. तो मशिन घेऊन तडक घरी आला.

मोडेन पण वाकणार नाही, हा विश्वजितचा बाणा. त्याच्या पहिल्या रॅकचाही तोच निघाला. तो वाकला नाही, मोडला. दुसरा टिकला, पण लांबीला असा सुटला की जीपच्या काचेवर टोपीच्या झडपेसारखा पुढं आला. आक्का म्हणाली, "बरं झालं, सावली पडंल." विश्वजितच्या बोटांना फोड आले, डोळे चुरचुरून लाल झाले, शर्टाला ठिणग्यांची भोकं पडली, पण गडी मागं हटला नाही. तिसऱ्या खेपेला रॅक मापात बसला. वर चढायला मागच्या दाराशेजारी त्यानं एक शिडीही जोडली. ऑस्ट्रेलियातल्या माणसाच्या जीपला होती.

रॅक टपावर चढवायला गल्ली गोळा झाली. प्रत्येकानं खांदा दिला आणि खांदा काढून घेताना प्रत्येकानं एकच विचारलं, "कुठल्या लाइनीला लावनार?"

"लाइनीला नाही. हे वडाप नाही," विश्वजित सांगत राहिला. लोक मान डोलवत राहिले. धंदा सुरू व्हायच्या आधी माणूस बोलत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

रविवारी सकाळी सगळं वर चढलं. पाळणा, भांडी, बोचकी, आणि दोरखंड-फावड्याचा तो संसारही. हलवून बघितलं तर रॅक जागचा ढिम्म हलेना. विश्वजितला भरून आलं. रॅकनं आपलं काम चोख केलं होतं आणि घातही तिथंच झाला होता. मागची बाकं रिकामी झाली होती. तिथं आता एकटी आक्का पाय पसरून बसली होती.

कागल मागं पडलं, रस्ता मोकळा झाला आणि विश्वजितनं वेग घेतला. तशी वरून शिट्टी सुरू झाली. साधी नव्हे, कानात सळई घातल्यासारखी.

"कुकर लावलाईस व्हय रं?" आक्कानं मागनं विचारलं.

रॅकच्या पायपांची तोंडं उघडी राहिली होती. वारं एकीकडनं शिरत होतं आणि दुसरीकडनं गात बाहेर पडत होतं. वेग कमी केला की शिट्टी जरा सोसवेल इतकी व्हायची. म्हणून विश्वजित रस्त्याच्या कडेनं हळूहळू चालवू लागला. आता तुम्हीच सांगा. टपावर कॅरियर, मागं शिडी, बाकं रिकामी, गाडी कडेनं रेंगाळत चाललीय आणि वर शिट्टी वाजवतेय. रस्त्यावरच्या माणसानं काय समजावं?

लोकांनी हात करायला सुरुवात केली. विश्वजित मान हलवून नाही म्हणत पुढं गेला. शेवटी पायपांत बोळे कोंबावेत म्हणून त्यानं एका फाट्यावर गाडी थांबवली आणि रुमाल फाडत शिडीवर चढला. तो वर असताना खाली मागचं दार वाजलं.

टोपलीत कोंबडी घेतलेली एक म्हातारी आत बसली होती. तानूबाई तिचं नाव.

"आज्जी, हे वडाप नाही," विश्वजित वरनंच म्हणाला. "आम्ही नेसरीला घरच्या कामाला चाललोय."

"नेसरीलाच जायाचंय मला."

"ही घरची गाडी आहे हो."

"आसूं दे की. कोंबडी बी घरचीच हाय."

"बसू दे रं विश्वा," आक्का म्हणाली. तिला सकाळपासून बोलायला कुणी मिळालेलं नव्हतं. "म्हातारं मानूस उन्हात किती हुबं ऱ्हानार? मी सरकतो हिकडं."

तानूबाई आत बसलेली दिसली, तसा फाट्यावरचा सगळा घोळका हलला. विश्वजित शिडीवरून खाली येईस्तोवर बाकं भरली होती. एकाला उतरवावं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. एक गडी तर सायकल घेऊन शिडीनं निम्मा वर पोचला होता. विश्वजितनं हताश होऊन पुढच्या सीटकडं पाहिलं. प्रियदर्शनी आता फाडून खाणार, जीप आत्ता इथंच गेली, असं त्याला वाटलं.

प्रियदर्शनीनं मान बाहेर काढली. "ओ सायकलवालं, पाळण्यावर नगा ठेवू. कडंला आडवी घाला. दोर दोन्हीकडनं घ्या, आणि गाठ मला दाखवा." मग मागं वळून, "मावशी, कोंबडी पायात घ्या. तुम्ही ओ, टोपीवालं, तुम्ही आत सरका. चौघांची जागा हाय ती, तिघंच काय बसलायसा?"

विश्वजित गाडीत येऊन बसला. "अगं, हे काय चाललंय?"

"आता बसलीत न्हवं? मग नीट तरी बसू देत. मी लगीन व्हायच्या आधी कॉलेजला ह्यातनंच जात होतो. कायम मागं, कुनाच्या तरी पोत्यावर. चला लवकर, बारसं दुपारचं हाय."

"कुणाकडून पैसा घ्यायचा नाही," विश्वजितनं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. "पैसा घेतला की वडाप झालं."

हे ऐकल्यावर पुढच्या फाट्यावर आणखी चौघं बसले.

गडहिंग्लजच्या अलीकडं हवालदारानं शिट्टी वाजवली. विश्वजितला वाटलं रॅकचीच आहे, म्हणून तो थोडा पुढं गेला. मग मात्र थांबावं लागलं.

"परवाना?" हवालदारानं विचारलं.

"साहेब, खाजगी गाडी आहे. हा रूफ रॅक आहे. मी घरी केलाय."

"ते दिसतंय. मागं कोन हाईत ही सगळी?"

विश्वजितनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मागून सगळ्यांचा एका सुरात आवाज आला. "पावणं."

वडापात जन्म गेलेली माणसं ती. हवालदार दिसला की नातं लागतं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. आणि तसं बघितलं तर खोटं तरी काय होतं? आमच्याकडं सोयरा तोही पावणा आणि रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस तोही पावणाच.

"कुठं निघालायसा पावणं?"

"बारशाला," तानूबाई म्हणाली. टपावरचा पाळणा तिनं चढतानाच बघून ठेवला होता.

"पोरगा का पोरगी?"

निम्मी जीप 'पोरगा' म्हणाली, निम्मी 'पोरगी'. विश्वजितनं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं.

"जुळं हाय, सायेब," तानूबाईनं निकाल दिला.

हवालदारानं वर पाहिलं. "पाळणा तर एकच दिसतोय."

"दुसरा मामा आननार हाय."

हवालदार बराच वेळ तानूबाईकडं बघत राहिला. तानूबाई कोंबडीला कुरवाळत राहिली. शेवटी त्यानं वहीचं पान मिटलं. "जावा. आनि आमचा मेव्हणा हाय हितं हुबा, तेवढं गडइंग्लजपातूर घ्या तेला."

मेव्हणा आत मावला नाही, म्हणून शिडीवर उभा राहिला.

नेसरीच्या मांडवासमोर जीप थांबली तेव्हा राजवर्धन दारात येरझाऱ्या घालत होता. पाळणा नाही म्हणून बारसं खोळंबलं होतं आणि बाळ सगळ्यांत मोठ्यानं बोलत होतं. जीपमधून एकामागून एक माणसं उतरायला लागली तसा त्याचा चेहरा बदलत गेला. "ताई, एवढी मानसं? ही कोन?"

"पावणं," प्रियदर्शनी म्हणाली. "पानं वाढवायला सांग."

आक्कानं वाटेतच सगळ्यांना जेवणाचं आवतण दिलं होतं. तानूबाई तर थेट बाळंतिणीच्या खोलीत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. तिला एकच बाळ दिसलं होतं.

विश्वजित मात्र टपावर होता. एकेक वस्तू तो स्वतः उतरवत होता. पाळण्याला ओरखडा नव्हता. भांडी मोजून भरली. वाटी पडली नव्हती, चमचा पडला नव्हता, आक्काचं एक बोचकंसुद्धा हललं नव्हतं. त्यानं रॅकवर थाप मारली आणि घामेजल्या तोंडानं इकडंतिकडं पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पाळण्याला फुलं बांधण्यात गुंतले होते.

लक्ष होतं ते फक्त एका माणसाचं. राजवर्धनचं गिऱ्हाईक. गडहिंग्लजचा जाडजूड गडी, दोन वडापांचा मालक. जीप माणसं ओतत येताना त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. त्यानं रॅकच्या प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला, शिडीला लोंबकळून बघितलं.

"कॅरियर कुनी केलाय?"

"मी," विश्वजित म्हणाला. रॅक म्हणायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. एवढ्या खटाटोपानंतर पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

"लई जोरकस हाय. राजूभाऊ, ठरलं. जीप मी न्हेनार. एवढी मानसं घिऊन चढ चढलेली गाडी मी सोडत न्हाई."

राजवर्धन खूश झाला. विश्वजित शिडीवरून खाली आला. अट तर त्यानं जिंकली होती, पण ज्या रॅकनं जीप वाचवायची त्याच रॅकनं ती विकायला काढली होती. तो प्रियदर्शनीकडं वळला. ती नुकतीच बाळाच्या कानात नाव सांगून आली होती.

"द्यायची न्हाई," ती म्हणाली.

"ताई, गिऱ्हाईक आयतं आलंय," राजवर्धन म्हणाला. "गाडीचा उपयोग काय म्हून तूच रडत होतीस न्हवं?"

"तवा रिकामी हिंडत होती. आज सगळी मला विचारून बसली. मी म्हणंन तिथं बसली. पोत्यावर बसायचे दिवस गेले माझे." मग ती नवऱ्याकडं वळली. "जीप राहील. पन हितनं पुढं रिकामी जायची न्हाई. चाललंय?"

"चाललंय," विश्वजित म्हणाला. त्या घडीला तो कशालाही हो म्हणाला असता.

जेवणं उरकली, दुपार कलली. कोल्हापूरच्या वाटेवरची काही माणसं आपणहून येऊन जीपमध्ये बसली होती. आक्का त्यांच्यात रमली होती. विश्वजितनं चावी फिरवली, तसं प्रियदर्शनीनं मागं वळून बघितलं. "थांबा. दोघांची जागा हाय अजून. हाक मारा."

"मी?"

"मग काय मी?"

विश्वजितनं खाकरून घसा साफ केला. विम्याच्या ऑफिसात बोलावं तसं तो खिडकीतून म्हणाला, "कोल्हापूरकडं कुणाला यायचं आहे का?"

पारावरच्या माणसांपैकी कुणी मान वर केली नाही.

"हे जमणार नसलं तर देऊन टाका गाडी," प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली.

बास. विश्वजितनं कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं, दारावर दणादण थापा मारल्या आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "चला गडइंग्लज, कागल, कोल्लापूर, कोल्लापूर, कोल्लापूऽऽर."

पारावरची कुत्री उठली. मांडवातनं लोक बाहेर आले. आणि सगळ्यांच्या पुढं, धोतराचा सोगा सावरत, पळत आला तो जीप घ्यायला आलेला पावणा. परत जाताना जीप आपणच चालवत न्यायची म्हणून तो सकाळी एस्टीनं आला होता, आणि आता गडहिंग्लजला जायला दुसरी गाडी नव्हती.

मागच्या दोन जागांकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तो तिथंच शिरला. "सरका की वाईच, पावणं," तो म्हणाला.

विश्वजित अर्धा आत, अर्धा बाहेर सरकला आणि त्यानं गिअर टाकला.